वसतिगृहाचं दार नीट लागतं का? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या खेपेच्या टपालात वसतिगृहाबद्दलची पत्रं सर्वांत जास्त होती. विद्यार्थी, पालक, दोन रेक्टर आणि एक सुरक्षारक्षक अशा सगळ्यांनी लिहिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पहिलं उत्तर मुद्दाम लांबवलं आहे, कारण पुढचे बरेच प्रश्न फिरून त्याच दाराशी येतात.

प्रश्न : आमच्या वसतिगृहाच्या मुख्य दाराला कार्डाचं कुलूप आहे. तरी रात्री कोणी ना कोणी दारात वीट नाहीतर चप्पल अडकवून ठेवतं. रेक्टरसरांनी तीनदा नोटीस लावली, दंडही केला. काही फरक नाही. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून मी काय करू शकतो?

उत्तर : दंडाने हे थांबत नाही, कारण वीट लावणारा रोज वेगळा असतो आणि प्रत्येकाला वाटतं, पाचच मिनिटांचा तर प्रश्न आहे. त्या पाच मिनिटांत काय होऊ शकतं, हे एकदा सगळ्यांना बसवून सांगा. एप्रिल १९८६मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, लीहाय विद्यापीठात, १९ वर्षांच्या एका विद्यार्थिनीचा तिच्या वसतिगृहाच्या खोलीत खून झाला. मारेकरी त्याच विद्यापीठात शिकणारा होता, पण तिच्या ओळखीचा नव्हता. खोलीपर्यंत जाताना त्याला तीन दारं लागली. तिन्हींना आपोआप लागणारी कुलपं होती आणि तिन्ही दारं आत राहणाऱ्यांनीच काहीबाही अडकवून उघडी ठेवली होती. तिच्या आईवडिलांनी पुढे लढा दिला. त्यातून १९९०मध्ये तिथे कायदा झाला आणि महाविद्यालयांना आवारातल्या गुन्ह्यांची माहिती दरवर्षी जाहीर करणं भाग पडलं. तो कायदा आज त्या मुलीच्या आडनावाने, क्लेरी कायदा म्हणून ओळखला जातो. कुलपांत तिथे काहीही खोट नव्हती.

आता तुमच्या दाराकडे वळू. आठवडाभर एक वही ठेवा. दार अडकवलेलं दिसलं की वेळ लिहा आणि कशासाठी अडकवलं होतं ते शोधून लिहा. नाव लिहू नका, नाहीतर खरं कारण कोणी सांगणार नाही. बहुतेक ठिकाणी यादी चार-पाच कारणांपलीकडे जात नाही : पार्सल घ्यायला खाली गेलेला मुलगा, कार्ड खोलीत विसरलेला मुलगा, फोनवर बोलायला बाहेर थांबलेला, वारा यावा म्हणून, आणि दार आपटतं म्हणून. विसरलेल्या कार्डासाठी सुरक्षारक्षकाकडे पाच-सहा तात्पुरती कार्डं ठेवायला सांगा. नाव लिहून, सही करून घ्यायची, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत करायची, नाहीतर ती आपोआप बंद पडतील. पार्सलसाठी दाराबाहेर छप्पर असलेली, दिवा असलेली एक फळी किंवा कपाट पुरतं. रात्री दोन वाजता कार्ड विसरलेल्या मुलाला आत यायला सरळ मार्ग उरला नसेल, तर वीट येणारच.

आपटणाऱ्या दाराची गोष्ट वेगळी. तळमजल्यावरच्या खोल्यांत झोपमोड होते म्हणून मुलं दाराच्या फटीत चप्पल ठेवतात. इथे दोष दारावरच्या क्लोजरचा, म्हणजे दार आपोआप ओढून लावणाऱ्या पेटीचा असतो. क्लोजरच्या पेटीवर साधारणपणे दोन स्क्रू दिसतात. एकाने दार बंद होण्याचा एकूण वेग ठरतो, दुसऱ्याने शेवटच्या दहा-पंधरा अंशांतला. दार ९० अंशांपर्यंत उघडून सोडा आणि मोजा : ५ ते ७ सेकंदांत ते शांतपणे लागलं पाहिजे. आपटत असेल तर शेवटच्या टप्प्याचा स्क्रू जरा घट्ट करायचा, दार चौकटीला टेकून थांबत असेल तर जरा सैल. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमीच फिरवा आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजून बघा. स्क्रू पूर्ण बाहेर काढला तर आतलं तेल सांडतं आणि क्लोजर कायमचा निकामी होतो. पेटीखाली किंवा दारावर तेलाचा ओघळ आधीच दिसत असेल, तर स्क्रूशी झटापट नको, क्लोजर बदलायला सांगा.

दुसरी चाचणी फक्त हातभर जवळून करता येते. दार चार-पाच सेंटिमीटर उघडं धरून सोडून द्या, मग हँडल न फिरवता बाहेरून ओढा. उघडलं तर कुलूप लागलेलंच नव्हतं, मग कार्डाच्या यंत्रावर हिरवा-लाल दिवा कितीही लुकलुकू दे. आता चौकटीवरची लोखंडी पट्टी बघा, जिच्या भोकात कुलपाची जीभ शिरते. भोकाच्या खालच्या कडेला घासून चकचकीत झालेली रेघ दिसली, तर दार खाली बसलं आहे. वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळा. ते नुसतेच फिरत असतील तर सात-आठ सेंटिमीटर लांबीचे स्क्रू घालायला सांगा, म्हणजे ते चौकटीच्या मागच्या भक्कम लाकडात जाऊन बसतील. जिभेला लागूनच बऱ्याच कुलपांत एक बारीक कांडी असते. दार लागल्यावर जीभ भोकात जायला हवी आणि ही कांडी पट्टीवर दाबलेली राहायला हवी. भोक मोठं असेल आणि कांडीही त्यात शिरत असेल, तर जीभ अडकून राहत नाही. साधं प्लॅस्टिकचं कार्ड फटीत सरकवून ते कुलूप मागे ढकलता येतं. हा दोष वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही, कारण रोजच्या वापरात दार अगदी बरोबर लागतं.

हे सगळं झाल्यावर दाराला भोंगा बसवा. चौकटीवर एक चुंबकी स्विच असतो. दार ठरावीक वेळेपेक्षा जास्त उघडं राहिलं की तो वाजतो. वेळ ३० ते ४५ सेकंद ठेवा. दहा सेकंद ठेवली तर सामान घेऊन येणारा प्रत्येकजण भोंगा वाजवेल आणि आठवड्यात कोणीतरी त्याची वायर तोडेल. दंडाची पाटी शेवटी लावा, आधी नाही.

प्रश्न : मी मुलींच्या वसतिगृहावर सुरक्षारक्षक आहे. एकीने कार्ड लावलं की मागोमाग चार जणी आत शिरतात. अडवलं तर म्हणतात, काका, रोज बघता ना आम्हाला? सगळे चेहरे मला ओळखू येत नाहीत. काय करावं?

उत्तर : चेहरे ओळखायची जबाबदारी तुमच्यावर टाकणंच चूक आहे, हे आधी तुमच्या वरिष्ठांना सांगा. नियम एका वाक्याचा हवा : प्रत्येकीने आपलं कार्ड लावायचं, ओळखीची असो वा नसो, रेक्टरमॅडमसुद्धा. मॅडमनी पहिला आठवडा तुमच्यासमोर स्वतः कार्ड लावलं, तर तुमचं अर्धं काम झालं. वाद घालू नका. "ताई, कार्ड लावा" एवढंच, रोज त्याच शब्दांत, त्याच आवाजात. कार्ड नसेल तर तात्पुरतं कार्ड द्या, म्हणजे नकार द्यायची वेळच येत नाही.

मुलींसाठीही एक सांगणं. मागून येणाऱ्या व्यक्तीच्या तोंडावर दार बंद करायला संकोच वाटतो, तो समजण्यासारखा आहे. "कार्ड लावता का, भोंगा वाजतो" असं म्हणून पुढे चला. कोणाचा अपमान होत नाही. हातात खोकी असलेला, गणवेश घातलेला, टूलबॉक्स घेतलेला माणूस दिसला की आपण आपसूक दार धरतो. नेमक्या त्याच माणसाला गेटवरच्या नोंदीबद्दल विचारायला हवं. दुरुस्तीच्या माणसाबरोबर कर्मचाऱ्यांपैकी कोणी नसेल, तर गेटवर फोन करा आणि तोवर बाहेरच थांबवा.

प्रश्न : माझी खोलीची किल्ली हरवली. दोन दिवस शोधली, मग सांगितली, तर उशीर केला म्हणून दंड झाला. हे योग्य आहे का?

उत्तर : उशिराबद्दल दंड लावला की पुढची किल्ली हरवलेला मुलगा चार दिवस गप्प बसेल. लगेच सांगणाऱ्याकडून फक्त किल्लीचा खर्च घ्यावा, हाच नियम वसतिगृहाच्या हिताचा आहे. तुमच्या बाजूने मात्र पहिल्या तासात सांगायला हवं होतं, कारण कार्ड असेल तर ते मिनिटभरात बंद करता येतं. साधी किल्ली असेल तर कुलपाचा आतला सिलिंडर बदलावा लागतो, नुसती दुसरी किल्ली पाडून भागत नाही. किल्लीच्या बिल्ल्यावर खोलीचा नंबर लिहिलेला असेल, तर सिलिंडर बदलणं त्याच दिवशी करा. बिल्ल्यावर नंबर नसावाच. एखादा सांकेतिक अंक असावा आणि तो कोणत्या खोलीचा, हे फक्त कार्यालयातल्या वहीत.

रेक्टरांसाठी : सगळ्या खोल्या उघडणारी मास्टर किल्ली पाळी बदलताना प्रत्यक्ष हातात घेऊन, मोजून, दोन सह्यांनी द्या. ती हरवणं म्हणजे अख्ख्या इमारतीची कुलपं बदलणं. कार्डं वापरत असाल तर ती कोणत्या जातीची आहेत ते पुरवठादाराला विचारा. १२५ किलोहर्ट्झवर चालणारी जुनी कार्डं दरवेळी तोच क्रमांक उघडपणे पाठवतात, त्यामुळे त्यांची नक्कल करणं सोपं असतं. निदान मुख्य दार आणि कार्यालय तरी सांकेतिक देवाणघेवाण करणाऱ्या नव्या कार्डांवर न्या.

प्रश्न : आमच्याकडे आगीचा भोंगा महिन्यातून तीन-चारदा उगाच वाजतो. आता कोणी उठतच नाही. काही मुलांनी तर धूरसूचकावर मोजे चढवलेत. रेक्टर ओरडतात, पण भोंगा काही दुरुस्त होत नाही.

उत्तर : तुमचं पत्र वाचून काळजी वाटली, म्हणून स्पष्ट लिहितो. १९ जानेवारी २००० रोजी पहाटे अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, सीटन हॉल विद्यापीठाच्या वसतिगृहात, तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या जागेतला सोफा पेटला. इमारतीत आगीवर आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती. आधी इतके खोटे भोंगे वाजले होते की कित्येक विद्यार्थ्यांनी त्या रात्रीचा भोंगाही तसाच समजला. तीन विद्यार्थी गेले, पन्नासहून अधिक जण जखमी झाले. त्याच वर्षी त्या राज्याने वसतिगृहांत पाण्याची फवारणी सक्तीची केली.

खोटा भोंगा म्हणजे यंत्रणेतला बिघाड, आणि तो शोधून काढता येतो. दरवेळी भोंगा वाजला की कोणत्या सूचकाने इशारा दिला ते नियंत्रण पेटीवर बघून लिहून ठेवा. चार-पाच नोंदींत चित्र उमटतं, कारण बहुतेक वेळा एक-दोनच सूचक त्रास देत असतात. न्हाणीघराच्या दाराला लागून असलेला सूचक वाफेने वाजतो. त्याला दारापासून निदान एक मीटर दूर हलवा. स्वयंपाकाच्या उपकरणापासून साधारण तीन मीटर अंतर हवं. तेवढी जागा नसेल तर तिथे धुराऐवजी उष्णता ओळखणारा सूचक बसवावा. धूळ आणि बारीक किडे आत शिरूनही सूचक वाजतो. वर्षातून दोनदा मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्यूमने तो साफ करायचा. खोलीला रंग देताना झाकलेला सूचक नंतर उघडायचा राहून जातो, तेही तपासा. सूचकाखाली अंगावरचा स्प्रे मारू नका.

मोज्यांबद्दल : तुमच्या खोलीतला सूचक झाकलात तर धूर आधी तुम्हालाच गाठतो, आणि तोही झोपेत. हा त्या थोड्या नियमांपैकी आहे जिथे पहिल्याच वेळी कडक कारवाई व्हावी असं मी म्हणेन. पण आधी रेक्टरांनी भोंगा दुरुस्त केलेला असला पाहिजे.

भोंगा वाजला की खोलीच्या दाराला हाताची पालथी बाजू लावा. गार असेल तर चप्पल, किल्ली, फोन एवढंच घेऊन बाहेर पडा आणि मागे दार ओढून घ्या. बंद दार धूर आणि उष्णता बऱ्याच वेळ अडवून धरतं. लिफ्ट नको. दार गरम लागलं किंवा व्हरांड्यात धूर दाटला असेल, तर आतच थांबा, दाराखालची फट ओल्या टॉवेलने बुजवा, खिडकीशी जा आणि अग्निशमन दलाला फोन करून मजला आणि खोली क्रमांक सांगा. ठरलेल्या जागी जमल्यावर आपल्या शेजारच्या खोलीतलं कोण दिसत नाही, ते बघा.

प्रश्न : किटली, इस्त्री, हीटर सगळ्यांवर बंदी. पाणी गरम करण्यात कसला आलाय धोका? माझ्याकडे चांगला एक्स्टेन्शन बोर्ड आहे.

उत्तर : धोका किटलीपेक्षा त्या बोर्डात आहे. बोर्डाच्या मागे अँपिअर लिहिलेले असतात, ते वाचा. ६ अँपिअर लिहिलं असेल तर २३० व्होल्टवर त्याची मर्यादा १३८० वॅट. साधारण १५०० वॅटची एक किटली एकटीच ती ओलांडते. तिच्याच शेजारी रूममेटने १२५० वॅटची इस्त्री लावली की प्रवाह जवळजवळ १२ अँपिअर होतो. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. वायर गुंडाळी करून गादीखाली सरकवलेली असेल, तर ती उष्णता बाहेरही पडत नाही.

तुम्ही म्हणाल, एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारं बटण) पडेल की. ती भिंतीतल्या जाड तारेला सांभाळण्यासाठी असते. सोळा अँपिअरची एमसीबी सोळापर्यंत काहीच करत नाही, थोडं वर गेलं तरी बराच वेळ पडत नाही. तेवढ्या वेळात सहा अँपिअरची बारीक वायर आतून मऊ होते. बोर्डाला बोर्ड जोडला की प्रत्येक सांधा ही आणखी एक गरम जागा. प्लग खेचताना सैल वाटला, भोकाभोवती तपकिरी डाग दिसला, माशासारखा वास आला, तर तो सॉकेट त्याच क्षणी बंद करून कळवा.

नुसती बंदी घातली की उपकरणं कपाटात लपतात आणि घाईघाईत गरम असतानाच कपड्यांखाली ढकलली जातात. म्हणून रेक्टरांनी दर मजल्यावर एक जागा करून द्यावी : वेगळ्या तारेवर १६ अँपिअरचे दोन सॉकेट, ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), एक किटली, एक इस्त्री, दगडी किंवा फरशीचा ओटा. मग खोलीतली बंदी पाळली जाते. खोलीत लॅपटॉप, फोन, टेबलदिवा यांना हरकत नसते. सगळे मिळून शे-दीडशे वॅटच्या आसपास जातात.

विजेच्या स्कूटरची किंवा सायकलची बॅटरी मात्र खोलीत, जिन्यात, व्हरांड्यात कुठेच चार्ज करू नका. लिथियमची मोठी बॅटरी पेटली तर काही सेकंदांत विषारी धूर सुटतो. विझली असं वाटूनही काही तासांनी ती पुन्हा पेटू शकते. जिन्यात पेटली तर वरच्या सगळ्यांची वाट बंद होते. तिची जागा इमारतीबाहेर, मोकळ्या हवेत. फुगलेला फोन किंवा पॉवर बँक वापरू नका, टोचू नका, दाबू नका.

प्रश्न : मुलगी रात्री बाहेर जाताना रजिस्टरमध्ये पत्ता, फोन नंबर, कुठे चालली सगळं लिहिते. ते रजिस्टर गेटवर उघडं पडलेलं मी स्वतः बघितलं. पालक म्हणून मी याला आक्षेप घ्यावा का?

उत्तर : जरूर घ्या, लेखी घ्या. कोणती मुलगी कोणत्या खोलीत राहते, आज रात्री कुठे आहे आणि तिचा नंबर काय, हे गेटवर थांबलेल्या कुणालाही वाचता येत असेल, तर ते रजिस्टरच सुरक्षेतलं भोक आहे. उपाय स्वस्त आहे. गेटवर फक्त ओळखक्रमांक, बाहेर पडल्याची वेळ आणि परत आल्याची वेळ. पत्ता आणि संपर्क कार्यालयात, कुलपात. प्रत्येकीसाठी वेगळी चिठ्ठी, किंवा वरच्या नोंदी झाकणारा पुठ्ठा.

नोंद मात्र बंद करायला सांगू नका. रात्री आग लागली किंवा इमारत रिकामी करावी लागली, तर आत नेमक्या किती जणी आहेत हे याच यादीवरून कळतं. त्यासाठी जितकी माहिती लागते तितकीच विचारावी.

प्रश्न : रेक्टर कधीही खोलीत येतात, कपाट उघडायला लावतात, वस्तू घेऊन जातात. तपासणीचे काही नियम असतात का?

उत्तर : तुमच्या वसतिगृहाच्या नियमावलीत तपासणीचं कलम असायला हवं. नसेल तर ते घालून घ्या. चांगल्या पद्धतीत एवढं असतं : नेहमीच्या तपासणीची लेखी सूचना निदान २४ तास आधी, तपासणीला दोन कर्मचारी, दार वाजवून, नाव सांगून, उघडायला पुरेसा वेळ देऊन आत येणं, आणि शक्यतो राहणारा हजर असताना. मुलींच्या वसतिगृहात महिला कर्मचारी असलीच पाहिजे. नेहमीच्या फेरीत सूचक, सॉकेट, खिडकीचे गज, गळती, मोडतोड बघायची असते. बंद बॅग आणि डायरी हा तिचा भाग नाही. ती उघडायची असेल तर ठोस कारण लेखी असावं आणि मालक समोर असावा.

वस्तू जप्त केली तर पावती मागा : तारीख, वेळ, वस्तूचं वर्णन, कोणत्या नियमाखाली, दोन सह्या, परत कधी मिळणार. पावती द्यायला नकार मिळाला तर त्याच दिवशी हाच तपशील ईमेलने रेक्टरांना पाठवा, म्हणजे नोंद राहते.

धूर, गळती, आतून आलेली किंकाळी किंवा दोन दिवस न दिसलेला, हाकेला ओ न देणारा मुलगा, अशा वेळी कोणाची परवानगी लागत नाही आणि लागूही नये.

प्रश्न : व्हरांड्यातून माझा लॅपटॉप गेला. सीसीटीव्ही आहे, पण "चेहरा दिसत नाही" एवढंच उत्तर मिळालं.

उत्तर : आधी वेळेचं. बहुतेक ठिकाणी रेकॉर्डिंग काही आठवडेच राहतं, मग त्यावर नवीन चढतं. आजच अर्ज द्या : कोणता कॅमेरा, कोणती तारीख, किती ते किती वाजेपर्यंत, आणि तेवढा भाग काढून जपून ठेवण्याची विनंती. कॅमेऱ्याचं घड्याळ फोनच्या घड्याळाशी ताडून बघायला सांगा. ते दहा-पंधरा मिनिटं मागे-पुढे असणं अगदी नेहमीचं आहे आणि त्यामुळे चुकीचा तुकडा पाहिला जातो. पोलिसांत तक्रार करताना लॅपटॉपचा सीरिअल नंबर लागेल. खरेदीच्या पावतीवर किंवा खोक्यावर तो असतो.

चेहरा न दिसण्याचं कारण बहुधा कॅमेऱ्याच्या जागेत आहे. अनोळखी माणूस ओळखता यावा यासाठी चित्रात एका मीटरला २५० पिक्सेल हवेत, असा सर्वमान्य निकष आहे. १९२० पिक्सेल रुंदीचा कॅमेरा म्हणजे जेमतेम साडेसात मीटर रुंदीच्या दृश्यापर्यंतच चेहऱ्याला पुरतो. लांबलचक व्हरांडा एका कॅमेऱ्यात बसवला की माणूस चालताना दिसतो, कोण ते कळत नाही. म्हणून प्रत्येक येण्या-जाण्याच्या दारावर एक कॅमेरा फक्त चेहऱ्यांसाठी असावा, जमिनीपासून दोन ते अडीच मीटरवर. छताला लावला तर टोप्या आणि डोकीच दिसतात. दारामागून ऊन येत असेल तर चेहरा काळा पडतो. तिथे उजेड-अंधार दोन्ही सांभाळणारा कॅमेरा घ्यावा लागतो. खोल्या, न्हाणीघरं, कपडे बदलण्याच्या जागा यांत कॅमेरा कधीही नाही, आणि व्हरांड्यातला कॅमेराही उघड्या दारातून खोली दिसेल असा वळवलेला नसावा.

प्रश्न : मित्र प्यायला होता, शुद्धीत नव्हता. रेक्टरांना सांगितलं तर त्याला आणि आम्हालाही काढून टाकतील या भीतीने आम्ही रात्रभर जागत बसलो. तो वाचला. पण पुढे कधी असं झालं तर?

उत्तर : जागत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा. हाक मारून, चिमटा काढून जागा होत नाही, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड, ओठ किंवा नखं निळसर, अंग गार, झोपेतच उलटी. यांतलं एकही दिसलं तरी वेळ घालवू नका. त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, तोंड खाली कलतं ठेवा म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. एकटं सोडू नका. कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, चालवत नेणं, यातलं काही नको. शेवटचा पेला रिकामा झाल्यावरही रक्तातलं प्रमाण वाढत राहतं, म्हणून "आता झोपलाय, बरं वाटेल" यावर विसंबू नका.

रेक्टरांना आमची कळकळीची विनंती : मदतीसाठी फोन करणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी केला त्याच्यावर त्या प्रसंगातल्या पिण्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, हे वाक्य नियमावलीत छापा. अनेक विद्यापीठांनी ही सूट लिहून दिली आहे. मारहाण किंवा छळ झाला असेल तर तो वेगळा विषय, त्याला ही सूट लागू नाही.

प्रश्न : मजल्यावरची खिडकी कोणी फोडली ते कळलं नाही, म्हणून मजल्यावरच्या सगळ्यांना दंड. आता आणखी एका प्रकरणात सुनावणीला बोलावलं आहे. तयारी कशी करू?

उत्तर : सामूहिक दंडाला आमचा विरोध आहे. ज्याने काही केलं नाही त्याला शिक्षा झाली की पुढच्या वेळी तोही काही बघितलं नाही म्हणतो, आणि रेक्टरांना खरी माहिती देणारा मजल्यावर एकही उरत नाही. रॅगिंगची तक्रारही मग कोणी करत नाही, हे त्याचं सर्वांत वाईट फळ. नुकसान कोणी केलं हे कळत नसेल तर ते देखभालीच्या खर्चात टाकावं आणि ती जागा उजेडात, कॅमेऱ्यात आणावी.

सुनावणीसाठी आधी लेखी मागा : आरोप कोणता, कोणत्या कलमाखाली, तारीख-वेळ-ठिकाण, पुरावा काय, समितीत कोण कोण. तक्रार करणारी व्यक्तीच समितीत बसली असेल तर ती बदलण्याची विनंती करा. तयारीला निदान दोन दिवस मागा. स्वतःचं निवेदन एका पानात लिहा : काय झालं ते वेळेच्या क्रमाने, मग तुमच्याकडची कागदपत्रं, मग ज्यांनी बघितलं त्यांची नावं. जे माहीत नाही तिथे "मला माहीत नाही" लिहा, अंदाज लिहू नका. चूक केली असेल तर तेवढ्यापुरती कबूल करा, इतरांची स्वतःवर घेऊ नका. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या.

निर्णय लेखी मागा, कारणांसह, आणि अपील कोणाकडे व किती दिवसांत करायचं हे त्यातच लिहिलेलं असावं. त्या मुदतीची तारीख निर्णय हातात पडल्या दिवशीच कॅलेंडरवर घाला, कारण मजकूर कितीही बरोबर असला तरी मुदतीनंतर आलेलं अपील बहुतेक ठिकाणी वाचलंच जात नाही.